चार दिवस उसना घेतलेला गळा

“पावसाळ्यात आम्ही जायचं कुठंऽऽऽ?”

तो ओरडला आणि राम आळीतल्या झाडून साऱ्या कौलांवरचे कावळे एका वेळी उडाले. मी वाढवून सांगत नाही, उलट कमीच सांगतोय. रत्नागिरीच्या मांडवी बंदरापुढे नांगर टाकून उभ्या असलेल्या आगबोटीच्या कप्तानाला वाटलं, दुसरी बोट भोंगा देते आहे, म्हणून त्याने उलटा भोंगा दिला. हे मला माझ्या सख्ख्या मामांनी सांगितलं, आणि मामा कधी खोटं बोलत नसत. आमच्या घरातलं ते खातं त्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं.

तो ओरडला की मागून आम्ही ओरडायचं, “इथंच राहणार!” आमचं ते ओरडणं म्हणजे गणपतीत मागच्या रांगेतल्यांनी आरती म्हणावी तसं. ओठ हलायचे. आवाज सगळा त्या एकट्याचा.

हा गृहस्थ आमच्या रोजच्या चहाच्या हॉटेलातला पोऱ्या. पोऱ्या म्हणजे चांगला तिशीतला, मिशा राखलेला, लग्न झालेला माणूस. पण हॉटेलात कपबश्या उचलणारा आजोबा झाला तरी पोऱ्याच. पार कानडी मुलखातून, कुमठ्याकडून बोटीने आलेला. मी तेव्हा कोर्टात उमेदवार कारकून होतो आणि मला साहेब म्हणणारा उभ्या जिल्ह्यात तो एकटाच होता. माझी त्याच्यावर माया जडायला तेवढं पुरेसं होतं.

त्या हॉटेलाची बांधणी मोठी विचित्र. दर्शनी बाकं रस्त्यावर आणि चूल पार मागे, खोपीत, मध्ये अंगण आणि विहीर. कागदावर काही लिहून घ्यायची पद्धत नव्हती. दहा गिऱ्हाइकांनी दहा गोष्टी मागाव्यात, त्याने त्या डोक्यात धराव्यात आणि एका दमात मागे फेकाव्यात: “दोन कडक, एक बिनसाखरेचा, भजी कांद्याची, पोहे वकिलांचे, मिरची काढूनऽऽ!” आचारी बहिरा होता असं लोक म्हणत. त्या आवाजापुढे दोन वर्षं काढल्यावर आणखी काय होणार? मालकाने पोऱ्याला ठेवला होता तो त्या गळ्यासाठी, आणि तोही गळा जपायचा. आंबट खायचा नाही, गार प्यायचा नाही. सकाळी गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायचा, एखादा बुवा तंबोरा लावतो तशा निष्ठेने.

आता मोर्चाचं कारण. ज्येष्ठ लागला की बोटी बंद होत. उतारू नाहीत, म्हणजे हॉटेलात माश्या. मग मालक गाववाले नोकर ठेवी आणि बाहेरच्यांना शेवटच्या बोटीवर घाली. श्रावण उलटून बोटी सुरू झाल्या की ज्याचं नशीब त्याला परत बोलावी. आमचा पोऱ्या दरसाल मुकाट्याने जाई. पण त्या साली त्याने बायकोला आणलं होतं. झाडगावात कुणाच्या तरी गोठ्यालगतची पडवी भाड्याने घेतली होती. कुमठ्याचं घर भावांनी वाटून घेतलं होतं. परत जाऊन टेकायला जागा नव्हती. त्याने मालकाला सांगितलं, “शेट, या वर्षी मी बोटीत चढत नाही.” त्याच्यासारखे आणखी चौघेपाचजण होते, ते त्याच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हॉटेलाची चूल पेटली नाही.

आणि आम्ही गिऱ्हाइकं पेटलो. कोणी खादीवाले होते, कोणाच्या परीक्षा आटपल्या होत्या, आणि मला कोर्टाची मे महिन्याची सुट्टी होती. त्या दिवसांत रत्नागिरीत फेरी काढायला कुणाला फार विचारावं लागत नसे. हॉटेलापासून निघायचं, राम आळी, झाडगाव, मांडवी करून पुन्हा हॉटेलासमोर यायचं. पुढे कोणाला घालायचं याचा विचारच झाला नाही. असा गळा हाताशी असताना दुसरा कोण ओरडेल!

पहिल्याच दिवशी एका बागायतदारांनी ओटीवरून अडवलं. “काय रे, बाहेरच्यांनी इथं कशाला राहायचं? आमची पोरं काय उपाशी मारायची?”

तो थांबला. हात जोडून म्हणाला, “काका, आपले चिरंजीव कुठं असतात?”

“तिघेही मुंबईस.”

“पावसाळ्यात परत पाठवतात का त्यांना तिथले लोक?”

आळी अशी हसली की समोरच्या घरातली पाळण्यातली पोरं उठली. काका लाल झाले; पण माणूस दिलदार. घरात वळून ओरडले, “अगो, पन्हं आण त्याला! घसा सुकला असेल मेल्याचा.”

तिथून सगळं बिघडलं.

कैऱ्यांचे दिवस. घरोघर डेऱ्यात पन्हं. एका ओटीवर दिलं म्हटल्यावर शेजारची ओटी मागे कशी राहील? पुढल्या दारी आमसुलाचं सरबत, त्यापुढे पुन्हा पन्हं, विहिरीत सोडून गार केलेलं. त्याने सुरुवातीला सांगून पाहिलं, “आई, मी आंबट घेत नाही. गळ्याला बाधतं.” त्या बाईंचं तोंड उतरलं. “का? आमच्या घरचं चालत नाही वाटतं?” आणि आम्ही मागून, “घे रे! मान मोडू नये.” त्याने घेतलं. पेला त्याच्या हातात कुणी दिला नाही, हेही सांगून टाकतो. बाहेरचा, जात कोणाला ठाऊक. तेव्हा वरून ओंजळीत ओतायचं. तो रस्त्यावर वाकून प्यायचा, तोंड पुसायचा आणि तापल्या उन्हात पुन्हा आकाशाकडे मान करून ओरडायचा. त्याला इथं राहू द्या म्हणून आम्ही गाव डोक्यावर घेतलं होतं, आणि त्या ओंजळीत त्या वेळी मला काही वावगं दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसत नाही.

चार दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी आवाज चिरकला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हटलं, रंग भरला.

चौथ्या दिवशी मालक पायरीवर आला. हात जोडले. “नाही घालत कोणाला बोटीवर. पावसाळाभर सगळे राहतील. आता तरी चूल पेटवा, बाबांनो!” जो जल्लोष झाला तो भाट्याच्या खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. आम्ही पोऱ्याला खांद्यावर घेतला. “बोल रे, दोन शब्द बोल!” त्याने तोंड उघडलं. गंजलेल्या बिजागरीचा होतो तसा आवाज आला. आम्ही हसलो.

मग सारं गाव त्याच्या उपचाराला लागलं. ज्येष्ठमध झाला, हळद घातलेलं दूध झालं, अडुळशाचा काढा तर इतका झाला की परसातली अडुळशाची झुडपं बोडकी झाली. काकांनी स्वतः नारळ ठेवला देवापुढे. बोटी बंद झाल्या, मृग गेला, आर्द्रा गेली. आवाज आला नाही. जे आलं ते कुजबुजणं, तेही समोर बसलेल्यालाच ऐकू येण्याजोगं.

एक दिवस मी चहाला गेलो, तर पुढे भलताच कोणी ओरडत होता. मी तडक गल्ल्यापाशी. “शेट, काढलंत ना त्याला? शब्द दिला होतात तुम्ही!”

“काढला कुठं?” मालक सुटे पैसे रचत म्हणाला. “मागे आहे, कपबश्या विसळतोय. तुम्ही म्हणालात ठेवा, मी ठेवलाय. पुढे उभा करा असं काही तुमच्या घोषणेत नव्हतं, की होतं?”

आम्ही जिंकलो होतो ना!

मी अंगणातून मागे गेलो. पन्हळीखाली तो उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत राखेत. त्याची बायको डबा घेऊन आली होती. ती कधी आमच्याशी बोलत नसे, त्या दिवशी पदर सारखा करत माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “एवढे पुरुष होते तुम्ही. आळीपाळीने का नाही ओरडलात?”

मी त्याच्यापुढे बसलो आणि जे मला येतं तेच केलं, मोठमोठ्याने बोलू लागलो. म्हटलं, असं नाही चालायचं. आपण पुन्हा मोर्चा काढू. या वेळी फक्त तुझ्यासाठी. सगळं गाव उभं करतो, या वेळी मी ओरडतो पुढे राहून, कलेक्टर खिडकीत येईपर्यंत ओरडतो, तुला पुन्हा दर्शनी बाकांपाशी उभा केल्याशिवाय राहत नाही. बोल, कधी काढायचा?

त्याने हातातली बशी पालथी घातली आणि काय म्हणाला ते ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

“नको साहेब. कपबश्या विसळायच्या पडल्यात.”