मागांच्या खडखडाटात अवंतिकाचा पाठ

मी एका नर्सिंग कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. विद्यार्थ्यांची हजेरी आणि गुण माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्यामुळे कोण पुढे आहे आणि कोण काठावर, हे मला लवकर समजते. कबनूरची अवंतिका दुसऱ्या वर्षी काठावर होती.

तिची आई तानाबाई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. लहानपणी शाळा सुटली की अवंतिका तिच्याजवळच बसायची. तिथे मागांच्या आवाजात कोणी कोणाला हाक मारत नाही, सगळे हातवाऱ्यांवर चालते. त्यामुळेच की काय, वर्गातले व्याख्यान तिच्या डोक्यात उतरत नसे. वॉर्डात मात्र बँडेज बांधताना एकदा पाहिले की तिला दुसऱ्यांदा सांगावे लागत नसे.

लेखी परीक्षेत तिचे गुण कमी पडले. प्रकल्पात पास झाली नाही, तर वर्ष जाणार होते. आईने सांगून ठेवले होते, "वर्स गेलं तर कांडीवर बसायचं. परत न्हाय शिकवणार."

तिला शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडम वस्तीत जाऊन प्रकल्प करायला लावतात. तिथली अडचण शोधायची आणि तिथल्याच लोकांना पाठ द्यायचा. अवंतिका आणि तिचा वर्गमित्र श्रेयस यांनी अर्धांगवायू हा विषय घेतला. कबनुरात 'अंगावरून वारं गेलं' म्हणून आधी तेल चोळतात आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. पाठ तानाबाईच्याच कारखान्यात ठरला. परवानगीचे काम माझ्याकडे असल्याने मॅडमबरोबर मीही गेलो.

मालक बाळासो म्हणाले, "शिकवा की, पावणं. पण माग बंद हुणार न्हाईत."

श्रेयस वर्गात छान बोलतो. त्याने तक्ता टांगला आणि सुरुवात केली. दोन वाक्यांत त्याचा घसा बसला. कामगार त्याच्याकडे बघून हसले आणि पुन्हा धाग्याकडे बघू लागले. तो बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, माझं मलाच ऐकू येईना!"

अवंतिका म्हणाली, "तू पेशंट हो. तोंड वाकडं कर आन् गप उभा ऱ्हा. जमंल न्हवं गप बसायला?"

मग ती त्याला घेऊन एकेका मागापाशी गेली. तिने त्याच्या वाकड्या ओठाला बोट लावले, त्याचा हात उचलून सोडून दिला. तेल चोळल्यासारखे केले आणि जोरात नकारार्थी मान हलवली. मनगटावर बोट आपटून घाई दाखवली, कानाला फोन लावला आणि बोटांनी रुग्णवाहिकेचा एक-शून्य-आठ हा नंबर दाखवला. कामगारांचे हात चालू होते, पण नजर तिच्यावर होती.

मॅडमनी तिला दाराशी बोलावून विचारले, "जीभ जड होते, ते कसं सांगशील?"

इथे ती अडली. ज्या कारखान्यात कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही, तिथे बोबडे बोलणे कोणाच्या लक्षात येणार? मग श्रेयसचा हात धरून तिने सगळ्यांसमोर त्याला दाराबाहेर नेले आणि त्याच्या तोंडाजवळ कान नेला. म्हणजे, शंका आली की माणसाला आधी बाहेर काढा, मग बोलायला लावा.

अवंतिका जिथवर पोचली नव्हती, त्या टोकाच्या कामगाराला मॅडमनी काय समजले ते खूण करून विचारले. त्याने तोंड वाकडे केले, हात पाडला, तेलाची बाटली फेकून दिल्यासारखे केले आणि शेजाऱ्याला ओढत दाराशी आणले. खुणा मागावरून मागावर त्याच्यापर्यंत आधीच गेल्या होत्या. शेजारी त्याला शिव्या घालत हसत होता.

"पास," मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. "पण पुढच्या लेखी परीक्षेचा अभ्यासही असाच करायचा. प्रत्येक धडा करून बघायचा. श्रेयस मदत करेल."

"म्हणजे रोज मीच पेशंट?" श्रेयस म्हणाला.

तानाबाई केसांतला कापूस झटकत बाहेर आली. निकाल ऐकून तिने लेकीच्या पाठीवर एक दणका दिला.

"पुढल्या वर्साची पुस्तकं कवा लागत्यात?" तिने मला विचारले. मी महिना सांगितला. ती मान हलवून आपल्या कांड्यांकडे गेली.