नव्या किल्लीची सही

ऑफिसात त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. जगभरातले लोक सॉफ्टवेअरच्या लायब्ररी फुकट वाटतात, म्हणजे प्रोग्रामला जोडायचे तयार भाग. ते उतरवून घ्यायचे, तपासायचे आणि मगच आतल्या मंडळींच्या हाती द्यायचे, हे त्याचं काम. आधी फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायचं, मग बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासायची. जुळली तर आत, नाही तर बाहेर. या कामात त्याचे केस पिकले. त्याने काय अडवलं ते कुणाला दिसत नसे, दिसे तो फक्त उशीर. चोरी झाली नाही म्हणून राखणदाराचा सत्कार कुणी केलाय?

साहेब होता बायकोचा धाकटा भाऊ. चाळणीनेच त्याला इथे चिकटवलं, बोट धरून काम शिकवलं. पोरगा तोंडाचा गोड, भराभर वर चढला. वर पोचल्यावर शिडीची त्याला अडगळ वाटू लागली.

एकदा एका लायब्ररीची नवी आवृत्ती आली. जुनीत चोरांना शिरता येईल असं भोक सापडलं होतं, ते बुजवणारी. फाइल नीट उतरली, पण सही जुळेना. लायब्ररी सांभाळणारा दूरदेशीचा एकटा गृहस्थ. त्याने म्हणे सहीची किल्ली, म्हणजे सही जिच्याशी ताडून बघायची ती खूण, बदलली होती, आणि नवी किल्ली फाइल जिथून उतरवायची त्याच वेबपानावर ठेवली होती.

मेहुणा टेबलाशी आला. “भाऊजी, नवी किल्ली पानावर आहे की. घ्या आणि मोकळे व्हा.”

“ज्याने फाइल बदलली तो पान नाही बदलणार? चोरालाच विचारायचं का, बाबा रे, हे घर तुझंच ना?”

“आणि भोक उघडं पडलंय त्याचं काय?”

“त्या माणसाला दुसऱ्या वाटेने विचारलंय. उत्तर आलं की लगेच देतो.”

मेहुण्याला स्वतःच्या हुकमाने फाइल आत घेता आली असती. पण मग हुकमाखाली त्याचं नाव आलं असतं. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणून तो निघून गेला.

उत्तर काही येईना. चोर मात्र आले, त्याच भोकातून. कंपनी दवाखान्यांचं काम बघायची. लोकांची दुखणीखुपणी चव्हाट्यावर आली. भरल्या बैठकीत मेहुणा म्हणाला, “फाइल भाऊजींच्या टेबलावर पडून होती.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

मग उत्तर आलं. गृहस्थाची आई आजारी होती, तो दवाखान्यात बसून होता. किल्ली त्याचीच. चाळणीने फोन करून त्याचीही खातरजमा केली. फाइल पहिल्यापासून निर्मळ होती. विषाच्या भीतीने त्याने औषधच दारात अडवून धरलं होतं. नियम बरोबर होता, हे तो अजूनही म्हणेल. पण ऐकायला कोण बसलंय?

टेबल गेलं. आता फाइली कुणी न बघता थेट आत जातात आणि चाळणी खालच्या खोलीत जुन्या तारा गुंडाळतो. “माझ्या भावाने सांभाळून घेतलं हो तुम्हाला,” बायको म्हणते, “नाहीतर या वयात कोण ठेवतं!” तो अपमान पाण्याच्या घोटासारखा गिळतो.

परवा ती फोन घेऊन आली. “अहो, हे काहीतरी नवीन टाकू का म्हणून विचारतंय. बघता का जरा?”

एरवी तो फोन हातातून काढून घ्यायचा, चष्मा पुसायचा, कुणाचं, कुठून आलं, सगळं बघायचा. त्या वेळात तिचा चहा गार व्हायचा.

“दाब,” तो म्हणाला.

“न बघताच?”

“दाब म्हटलं ना.”