दोनदा शिवलेली थैली

नोकरीतले मोठमोठे गुन्हे विसरलो, पण धानाच्या बियाण्याच्या त्या एका थैलीची शिवण अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. एका विदेशी बियाणे कंपनीचे वकील तक्रार घेऊन आले. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात कंपनीच्या थैल्यांतून भलतेच बियाणे वाटले जात होते. आमच्या खबऱ्याचीही तीच टीप होती. ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात झडतीआधी निबंधकांचे मत घ्यावे लागते. ते आल्यावर पंच घेऊन निघालो.

घर एका विधवा शेतकरी बाईचे होते. आतल्या खोलीत कंपनीच्या थैल्या उभ्या. त्यांत जुन्या वाणाचे धान, वर कडुनिंबाचा पाला. पंचनामा करून माल जप्त केला आणि महिला हवालदारासमोर ओसरीवरच चौकशी सुरू केली.

बाहेर गाव जमले होते. एक जण म्हणाला, "विदेशी कंपनीसाठी आपल्याच बाईले आत टाकून राहिले का, साहेब?"

वकिलांचे टुमणे उलटे. भारताने ट्रेडमार्क संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आहे, आत्ताच अटक करा. तो करार मी वाचून गेलो होतो. सुरुवातीचेच तत्त्व साधे आहे: आपल्या नागरिकाला जे संरक्षण देता, त्याहून कमी परक्याला देऊ नका. जास्त द्याच, असे मात्र त्यात कुठे म्हटलेले नाही. जिल्ह्यातल्याच तुमसरच्या एखाद्या व्यापाऱ्याने हीच तक्रार केली असती तर मी काय केले असते, एवढेच मी स्वतःला विचारले. आधी तपास केला असता.

"या थैल्या कुठून आणल्या?"

"घरच्याच हायत. धान ठेवाले सारं गाव याच वापरते. उंदीर लवकर फाडत नाई."

"बियाणं विकलं?"

"इकलं नाई, बदललं. शेजारणीनं तिचं देल्लं, म्या माहं देल्लं."

"बघा, कबूल करतेय," वकील मध्येच बोलले. मी त्यांना गप्प बसवले.

"दरवर्षी विकत घेता ना? मग यंदा घरचं का ठेवलं?"

इतका वेळ खाली बघणाऱ्या बाईचा आवाज चढला. "गेल्या साली कृषी केंद्रातून या कंपनीचीच थैली आणली. निम्मं धान उंच, निम्मं बुटकं. वावरातली एक बांधी वाया गेली. कोनावर भरोसा ठेवू?"

"ती थैली आहे?"

तिने जप्त मालातल्या एका थैलीकडे बोट दाखवले. पंचांसमोर ती रिकामी करून उन्हात धरली. तोंडाजवळ सुईच्या छिद्रांच्या दोन ओळी होत्या. कंपनी एकदाच शिवते. वकिलांचा चेहरा उतरला.

बाईला ती थैली विकणारा कृषी केंद्रवालाच प्लास्टिकची बादली देऊन रिकाम्या थैल्या घ्यायचा, हे मग गावानेच सांगितले. थैली फाडू नका, दोरा ओढून उघडा, असे तो प्रत्येकाला बजावायचा. त्याच दुपारी त्याच्या गोदामावर छापा टाकला. राइस मिलमधले साधे धान भरून थैल्या शिवणे चालूच होते.

"मले काई मालूम नाई," तो आधी म्हणाला. खोटे बोलणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग दाराकडे. याने दोन्हीकडे बघून घेतले. दोनदा शिवलेली थैली पुढे ठेवली, तसे त्याने पाणी मागितले आणि सगळे सांगून टाकले.

तरी बाईचे बियाणे पुरावा म्हणून राहू द्या, असा वकिलांचा हट्ट. पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी धान पेरायचे दिवस सरत आले होते. बी पडले नाही तर तिचे वर्ष बुडणार होते. मला संताप आला. घरचे बियाणे राखायचा आणि बदलायचा हक्क शेतकऱ्याला आपल्याच कायद्याने दिला आहे, हे त्यांना ऐकवले. नमुने ठेवून बाकी धान सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन, परत द्यायला न्यायालयाची परवानगी घेतली.

थैल्या मुद्देमालात राहिल्या. बाई धुतलेली लुगडी घेऊन आली आणि ठाण्याच्या व्हरांड्यात धानाची गाठोडी बांधू लागली. साक्ष द्याल का, असे मी विचारले.

"देईन ना. या कंपनीच्या नावावर त्या केंद्रवाल्यानं मलेच फसवलं," ती म्हणाली. परक्याच्या नावाची राखण तिच्या बांधीपर्यंत पोहोचते, हे मला त्या दिवशी कळले.

गाठ आवळून ती उठली. "कंपनीले न्याय देल्ला, बरं केलं साहेब. पण मले द्यायले अजून चार दिवस लावले असते, त माही बांधी पडीत रायली असती."