आप्पासाहेबांचा डावा पाय

केडगावात पुणे रस्त्याला लागून पीरमहंमद मिस्त्रीचं दुचाकींचं गॅरेज आहे. गाडी कोणतीही असो, गिअरचा दांडा बसवायची मिस्त्रीची रीत एकच. गिऱ्हाइकानं रोजच्या पायताणात यायचं. मिस्त्री गाडी मधल्या स्टँडवर घेणार, दांड्याच्या रबराला खडू फासणार आणि म्हणणार, "धा येळा गिअर टाका, धा येळा काढा." मग खाली उकिडवा बसून गिऱ्हाइकाचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेणार आणि बैलाचा खूर बघावा तसा उलटा करून बघणार. खडू अंगठ्यामागच्या फुगीर भागावर एका जागी उमटला की काम फत्ते. एकदा एका तहसीलदारांचाही पाय त्यानं असाच मांडीवर घेतला होता. साहेब इतके लाजले, की काम झाल्यावर त्यांनी मिस्त्रीलाच नमस्कार केला.

तीस वर्षांत या खडूनं मिस्त्रीला कधी दगा दिला नव्हता. तो पहिल्यांदा दिला आप्पासाहेबांच्या डाव्या पायानं.

आप्पासाहेब साखर कारखान्यात पोत्यांच्या वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले आणि दीड महिन्यात त्यांनी जुनी क्रूझर मोटारसायकल घेतली. पाय लांब पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायची ती दणकट गाडी. मुक्ताबाईंना मागं बसवून जामखेडला त्यांच्या माहेरी न्यायचं, हे आप्पासाहेबांचं लग्नापासूनचं वचन. एकतीस वर्षं ते ऊसगाळपाच्या हंगामावर ढकललं गेलं. आता हंगामही नव्हता आणि सबबही नव्हती. येत्या रविवारी निघायचं, असं मुक्ताबाईंनी भावाला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

अडचण एवढीच, की गिअर.

"मिस्त्री, दांडा बरोबर न्हाई," आप्पासाहेब आले की म्हणायचे. "गिअर पडला का न्हाई, पायाला कळतच न्हाई."

मिस्त्रीनं दांडा वर घेतला. मग खाली घेतला. मग जाड रबर घातलं. मग स्प्रिंग बदलली. दर वेळी आप्पासाहेब गाडी सोडून घरी जायचे, त्यामुळं खडूची वेळच आली नाही; मिस्त्री स्वतःच अरणगावपर्यंत चक्कर मारून यायचा. गिअर असा पडायचा, जशी कुलपात किल्ली. आणि आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी हजर.

"न्हाई मिस्त्री. अजून कळत न्हाई."

चौथ्या वेळी मिस्त्रीचा पारा चढला. "आप्पा, आता गाडी बदला न्हाईतर मिस्त्री बदला."

"पाय बदलू का?" आप्पासाहेब हसले. त्यांना काय माहीत, ते काय बोलून गेले.

शुक्रवारी सकाळी ते नवे बूट घालून आले. क्रूझरला शोभतील असे, घोट्याच्या वर जाणारे. टाच आणि तळवा मोच्याकडून मुद्दाम मजबूत करून घेतले होते. गाडी गॅरेजातच होती; घरून चालतच आले होते, बूट मुरावेत म्हणून.

मिस्त्रीनं खडू फासला. आप्पासाहेबांनी दहा वेळा गिअर टाकला, दहा वेळा काढला. मिस्त्रीनं पाय मांडीवर घेतला आणि बघतच राहिला. खडू कुठं नव्हता? अंगठ्यावर, करंगळीच्या कडेला, मधेच, एक ठिपका तर पार शिवणीवर. दांडा एका जागी आणि पाय दहा जागी.

"आप्पा, पाय दांड्यावर ठेवला की काय वाटतं?"

"काय वाटायचं? काईच न्हाई."

"काईच न्हाई म्हंजे?"

"जरा सुन्न असतो. वर्ष झालं आसंल. गाडीच्या थरथरीनं होत आसंल."

"गाडी घेऊन म्हैना झाला तुमाला!"

मिस्त्रीनं विचारलं-सवरलं नाही, बुटाची नाडी सोडली आणि बूट ओढला. मोजा पुढून लाल होता. वाळलेला नव्हता, ओला होता. बुटात हात घातला तर तळातून अर्धा इंच वर आलेला खिळा त्याच्याच बोटाला टोचला. मिस्त्री कळवळून ओरडला. आप्पासाहेब मात्र मिस्त्रीच्या बोटाकडं पाहून म्हणाले, "लागलं का हो?"

हा माणूस घरापासून इथपर्यंत, एक कोस, खिळ्यावर चालत आला होता आणि विचारत होता मिस्त्रीच्या बोटाचं! गॅरेजात बसलेलं दुसरं गिऱ्हाईक हातातला चहा तसाच ठेवून उभं राहिलं. तिसरं बाहेर जाऊन बसलं. त्याला रक्त बघवत नव्हतं.

"आप्पा, दुखत न्हाई?"

"न्हाई हो." आता आप्पासाहेबांनी स्वतः खाली वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मिस्त्री, हा माझा पाय हाय?"

"मग काय माझा?" मिस्त्री ओरडला. घाबरला की तो ओरडतो.

मिस्त्रीनं त्यांना आपल्या स्कूटरवर मागं बसवलं आणि सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं. साखर तीनशे ऐंशी. आप्पासाहेब म्हणाले, "थोडी हाय हे माहीत हुतं. गोळ्या मधून मधून घेतो की."

"एकतीस वर्षं साखर मोजली, आन सोताची कळली न्हाई?" हे मुक्ताबाई. त्या केव्हा आल्या, कुणालाच कळलं नव्हतं. पाय पाहिला आणि त्या बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ह्या पायावर मला जामखेडला नेणार हुते."

मग डॉक्टरीणबाईंनी आप्पासाहेबांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. "आता कळलं? आता?" बोटांना कळत नव्हतं. अंगठ्यामागच्या फुगीर भागाला नाही. तळव्याच्या मध्याला कळलं. टाचेला स्वच्छ कळलं. मिस्त्री दाराशी उभा राहून बघत होता. तीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा राहून गेला, पायाला कळतं का, एवढंच त्याच्या मनात आलं.

"आठ-दहा दिवस उशीर झाला असता तर अंगठा गेला असता," बाई म्हणाल्या. "जखम भरेपर्यंत गाडी नाही. नंतरही आधी माझ्याकडे, मग गाडीकडे."

जखम भरायला सात आठवडे लागले. तेवढ्या काळात मिस्त्रीनं क्रूझरचा दांडा काढून टाकला आणि साध्या मोटारसायकलीला असतो तसा लांब, दोन टोकांचा बसवला. खाली उतरायचा गिअर पुढच्या टोकानं, चढायचा टाचेनं. पुढचं टोक इतकं मागं ओढलं, की बोटांचा संबंधच उरला नाही. सगळं काम तळव्याच्या मध्याचं आणि टाचेचं. पाय ठेवायचा खुंटही चार बोटं मागं घेतला. क्रूझर जरा कमी ऐटदार दिसायला लागली.

बाईंनी पाय परत तपासून हो म्हटलं, तेव्हा मिस्त्री स्वतः मागच्या सीटवर बसला आणि त्यानं आप्पासाहेबांना अरणगावपर्यंत चालवायला लावलं. जाताना तो सारखा ओरडत होता. येताना गप्प होता. गॅरेजशी उतरून त्यानं विचारलं, "कळला का गिअर?"

"टाचेला कळला," आप्पासाहेब म्हणाले.

मिस्त्रीनं किल्ली मात्र त्यांच्या हातात दिली नाही. घरी जाऊन मुक्ताबाईंच्या हातात ठेवली. "वहिनी, ही तुमच्याकडं. दोन्ही तळपाय अन् दोन्ही बूट आतून बघितल्याशिवाय द्यायची न्हाई."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अख्ख्या गल्लीनं पाहिलं. जन्मभर बायकोनं पायाकडं पाहिलेलंसुद्धा न खपणारे आप्पासाहेब ओट्यावर दोन्ही पाय लांब करून बसले होते, आणि मुक्ताबाई नाकावर चष्मा सारून एकेक बोट फाकवून तपासत होत्या. समोरच्या बाई झाडू हातात धरून थबकल्या होत्या. आप्पासाहेबांनी मान खाली घातली होती, पण पाय मागं घेतला नाही.

मुक्ताबाईंनी बुटात मनगटापर्यंत हात घालून तळ चाचपला. मग कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली.

"चला," त्या म्हणाल्या. "भाऊ वाट बघत आसंल."