किसनभाऊ नेमकं काय काम करतात?

मिल विकली गेली एकदाच. किस्से मात्र आम्ही वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खातोय. दोन जुने भेटले की चहा यायच्या आत एक निघतोच! सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी हिंगणघाटला मिलच्या टाइम ऑफिसात कारकून. जुन्या शेठनी मिल मुंबईच्या कंपनीला विकली आणि एका सोमवारी नवे मॅनेजर साहेब हजर झाले. टाय लावून, ऐन मे महिन्यात! आम्ही कामधंदा सोडून टायच बघत होतो.

*

शेठ राउंडला निघाले की दिसेल त्याला विचारायचे, "जेवला काय रे?" उत्तर ठरलेलं, "हो जी." पोटात काही नसलं तरी "हो जी!" तो रामरामच होता, राजेहो.

साहेबांना कोणीतरी सांगितलं, ही इथली पद्धत आहे. त्यांनीही सुरू केलं, "खाना खाया?" पण हातात वही! खात्याचा मुकादम सखाराम जॉबर, त्यानं वही पाहिली आणि म्हणाला, "नाई खाया साब." साहेबांनी लिहून घेतलं, त्याला कॅन्टीनमधून फुकट पोहे दिले.

दुसऱ्या दिवशी अख्खं खातं उपाशी निघालं!

*

मग आली सूचनापेटी. हिरवी, कुलूपबंद, थेट उन्हात. आठवड्यानं माझ्यासमोर उघडली. आत सात लग्नपत्रिका, हळदीची बोटं लावलेल्या! साहेबांना भेटायचं तर आधी चिठ्ठी पाठवावी लागायची, म्हणून लोकांनी आवतण पेटीत टाकलेलं.

सूचना एकच होती: "पेटीले हात लावला का चटका बसते. सावलीत लावा."

मुंबईला रिपोर्ट गेला, "आलेली प्रत्येक सूचना अमलात आणली!"

*

त्यानंतर फॉर्म आला. प्रत्येकाचं पद आणि काम लिहायचं. लिहिणारा मी. किसनभाऊंपाशी येऊन अडलो.

आमच्याकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. विणकाम खात्यातली हवा सुकली की लूमवरचे धागे पटापट तुटतात. म्हणून वर पाण्याचे बारीक फवारे होते. ते कधी आणि किती सोडायचे, हे किसनभाऊ ठरवत. ओठ चाटायचे, तो किती वेळात सुकतो ते बघायचे आणि चावी फिरवायचे. बावीस वर्षं हेच!

साहेबांनी विचारलं, "तुम्हारा काम क्या है?"

"ओठ चाटतो जी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

आठवड्यात भिंतीवर हवेतला ओलावा मोजायचं यंत्र लागलं आणि किसनभाऊंचं नाव जास्तीच्या माणसांच्या यादीत गेलं. मुंबईचे डायरेक्टर येऊन सही करणार, की घरी. तोवर हातात काठी देऊन त्यांना गेटवर बसवलं. नोकरीची दोनच वर्षं उरली होती हो! मला फार वाईट वाटलं, फॉर्म माझ्याच हातानं भरलेला. तर तेच मला म्हणतात, "तू काऊन तोंड पाडून राह्यला बाप्पा? जे हाय तेच लेहलं ना तुनं!"

*

एकदा दुपारी सही घ्यायला केबिनमध्ये शिरलो, तर साहेब एकटेच घड्याळाकडे टक लावून ओठ चाटत होते! मला बघून दचकले.

"चटनी तीखी थी," म्हणाले.

डबा टेबलावरच होता. उघडलाच नव्हता.

*

डायरेक्टर यायचे होते त्या दिवशी सकाळपासूनच झळा सुटल्या. यंत्राचा काटा म्हणे सगळं ठीक, आणि इकडे धागे तुटून राहिलेले. एकेक लूम बंद पडायला लागला. साहेब गेटकडे धावत सुटले, मी त्यांच्यामागं.

"किसनभाऊ, अंदर चलो! जल्दी!"

"गेट सोडून कसा येऊ साहेब? ड्यूटी हाय. उद्या याच्यावरूनच काढसान मले."

मी म्हटलं, "मी बसतो गेटवर."

"हा बाबू बसला तं उद्या आमा दोघायले काढसान. तुमी सोता बससान तं जातो!"

साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. किसनभाऊंच्या हातातली काठी घेतली आणि स्टुलावर बसले. किसनभाऊ ओठ चाटतच आत गेले.

पाच-दहा मिनिटं झाली असतील, मोटार आली! डायरेक्टर उतरले, काखेत यादीची फाइल. काठी घेऊन बसलेल्या साहेबांकडे बघतच राहिले. आत बंद पडलेले लूम एकामागून एक सुरू होत होते, आवाज गेटपर्यंत येत होता.

"तुम यहाँ बैठे हो? तो मिल कौन चला रहा है?"

साहेब ताडकन उभे राहिले.

"वॉचमन, सर!"