पाचवा फणा

समजा, तुम्ही वीतभर उंचीचा कालियामर्दन करायला बसला आहात. आधी मेणाचा कृष्ण, त्याच्या पायाखाली मेणाचाच पाच फण्यांचा नाग. त्यावर मातीचे लेप. मग साचा तापवून मेण वितळवून काढायचं आणि राहिलेल्या पोकळीत काशाचा रस ओतायचा. आत काय झालं ते साचा फोडल्यावरच कळतं, आणि तोवर तुमचं मेण गेलेलं असतं.

चौलच्या हिरामण तांबटाने १९५३ साली हे धाडस केलं. तोवर त्याचा हात हंडे-कळश्यांवर बसलेला. ही पहिलीच मूर्ती. ती सांगणाऱ्या मनुबाईंच्या देव्हाऱ्यात बसली तर तो मूर्तिकार, नाही तर जन्मभर पोचे काढत बसायचं.

साचा फोडला. कृष्ण झकास उतरला होता, उचललेला पाय तर बघत राहावा असा. नागाला मात्र फणे चारच. पाचव्याच्या जागी वाटाण्याएवढा गोळा.

"खंडित मूर्ती पुजत न्हाईत," त्याची बायको कोकिळा म्हणाली.

"देव कुठं खंडित हाय? नाग खंडित हाय."

"ते मनुबायला तुमीच सांगा. मी येत न्हाय."

मनुबाईंची सुपारीची वाडी होती. ढिगातली एक किडकी सुपारी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी मूर्ती फिरवून फिरवून फणे मोजले.

"हिरामणा, पाचवा कुठाय?"

हिरामणने गोळ्यावर बोट ठेवलं. "आक्का, त्याच्यावरच तर देवाचा पाय पडला! चेचला गेला."

"पाय तर या बाजूला हाय."

"आता हाय. नाचतोय ना तो!"

मनुबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खोकला लागला. मूर्ती देव्हाऱ्यात गेली, आणि गोष्ट वाडीवाडीतून फिरली.

पुढच्या वर्षी दिवेआगरच्या गिऱ्हाइकासाठी त्याने पाचही फणे धड उतरवले. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून म्हणालं, "मनुबायवाला पायजे. ह्याच्यात देव नाचलाय कुठं?"

तेव्हापासून हिरामण मेणातच चार फणे नि एक गोळा करतो. दारावर 'मूर्तिकार' अशी पाटी लागली. पण धातूतलं कळणारा कोणी आला की तो त्याला आत नेऊन बसवतो, चहा देतो आणि विचारतो, "पायाची गोष्ट सांगू नका, ती माझीच हाय. हवा जायला पाची फण्यांना सारखी वाट ठेवली होती, रस एकाच भट्टीचा. मग त्या एका फण्यात रस का गेला न्हाई?"