भरती विचारायची राहून गेली

आक्काने समुद्र पाहिला नव्हता. घोटीजवळच्या आमच्या गावात तिचं सगळं आयुष्य भाताच्या खाचरात गेलं, आवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात वाकून रोपं लावत. आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीनेच मला वाढवलं. आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत आणि काठीशिवाय तिला अंगणही ओलांडवत नाही. म्हणून डहाणूच्या बाजूच्या एका घरगुती हॉटेलवाल्याने "आमच्या किनाऱ्याची ड्रोनवरून फिल्म काढून द्या" असं सांगितलं, तेव्हा मी गाडीत आधी आक्काला बसवलं आणि मग ड्रोनची पेटी ठेवली.

"लांबून दावू नको हां," ती वाटेतच म्हणाली. "पायाला पाणी लागलं पायजे. नायतर टीव्हीतला समुद्र काय वाईट हाय?"

मी शब्द दिला.

सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं लेथवर काढून मी या धंद्यात आलो. लग्नं, द्राक्षबागा, नवे बंगले, सगळं वरून टिपतो. नाशकातल्या लॉन्सवर कोणाच्या डोक्यावर किती केस उरलेत, हे त्यांच्या बायकांआधी मला कळतं. समुद्र मात्र मीही कधी वरून पाहिला नव्हता. त्यामुळे तयारी जोरात केली. वारा पाहिला, ऊन कुठून येईल ते पाहिलं, परवानगी काढली. भरतीची वेळ पाहावी हे डोक्यातच आलं नाही. आम्ही गोदाकाठची माणसं. आमच्याकडे पाणी चढायचं तर धरणातून सोडतात, आधी भोंगा होतो, मग सगळं गाव पुलावर जमून ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते बघतं. स्वच्छ उन्हात, कुणालाही न सांगता पाणी चढतं हे ऐकून माहीत होतं, पण अंगवळणी नव्हतं.

सकाळी पोहोचलो तर समुद्र जागेवर नव्हताच. सुरूच्या झाडांपासून नजर जाईल तिथवर करडी ओली वाळू आणि पार टोकाला एक पांढरी रेघ. आक्काला सावलीत खुर्चीवर बसवलं. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"ह्यो समुद्र? आमची खाचरं बरी की."

त्या रेघेपर्यंत चालणं तिच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं आणि तिला उचलून न्यायचं माझं वय राहिलेलं नाही. दिलेला शब्द फुकट गेला म्हणून मी स्वतःवर चिडलो. स्वतःवर चिडलो की मी मुकाट कामाला लागतो.

कोरडी वाळू मोटरमध्ये जाते, म्हणून बरंच पुढे जाऊन घट्ट ओल्या वाळूवर केशरी गोल चटई अंथरली. ड्रोन जिथून उडतो ती जागा लक्षात ठेवतो आणि बॅटरी उतरत आली की आपणहून तिथेच परततो. तो वर गेला आणि मी रिमोटच्या स्क्रीनकडे बघतच राहिलो. खालून जो नुसता चिखल वाटत होता, त्यात पाण्याने हजार वाटा कोरल्या होत्या. एकीतून दुसरी, दुसरीतून चार. पुढे काठाचं पाणी चहाच्या रंगाचं, मग हिरवट, मग एकदम असं निळं की त्याला काय म्हणावं ते मला कळेना. त्यावर एकच होडी, आणि तिची सावली तिच्यापासून थोडी सुटून पाण्याखालच्या वाळूवर. आजवर वरून मी जे पाहिलं ते माणसांनी आखलेलं होतं, द्राक्षांच्या ओळी, मांडव, कारखान्यांचे पत्रे. हे कुणीच आखलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

दोन बॅटऱ्या मान खाली घालून उडवल्या. तिसरी चढवली, ड्रोन सोडला आणि रिमोट घेऊन आक्काकडे गेलो, निदान स्क्रीनवर तरी तिला समुद्र दाखवावा म्हणून.

"भाऊ, पाणी चढतंय," ती म्हणाली. "मघाशी त्यो काळा खडक दिसत व्हता. आता नाय."

"आक्का, हा समुद्र आहे, आपली दारणा नदी नाही."

"पाणी ते पाणीच."

बांध फुटायच्या आधी खाचराच्या रंगावरून ओळखणारी ही बाई, आणि मी तिला शिकवत होतो. रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. ती हळूच वाकली, स्क्रीनवर बोट टेकवलं आणि त्या निळ्यावरून सावकाश फिरवलं.

"येवढं पाणी," शेवटी म्हणाली, "आन कुणाच्याच शेताला नाय."

तेवढ्यात रिमोट बीप बीप करायला लागला. बॅटरी उतरली होती, ड्रोन परत फिरला होता. स्क्रीनवर किनारा जवळ आला आणि मला माझी केशरी चटई दिसली. ती तरंगत होती. जिथे ड्रोन उतरणार होता तिथे समुद्र होता.

रिमोटच्या काड्या हलवून त्याला कोरड्यावर आणता आलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही. माझं पोट ज्याच्यावर आहे ते यंत्र बुडताना दिसलं, आणि रिमोट आक्काच्या मांडीवर तसाच टाकून मी धावलो. पाणी गुडघाभर होतं, लाट आली की मांडीपर्यंत. ड्रोन शांतपणे माझ्या डोक्यावर खाली येत होता. दोन्ही हातांनी तो खालून धरला, पाती थांबेपर्यंत धरून ठेवला आणि तसाच हात वर करून, लटपटत वळलो.

खुर्ची रिकामी होती.

एका हातात काठी, गळ्यात रिमोट, आक्का वाळूतून माझ्याकडे येत होती. मला पोहता येत नाही हे तिला माहीत आहे. "भाऊ, भायेर ये! जाऊ दे त्ये! मेल्या, भायेर ये!" काठी रुतत होती, ती उपसत होती, पुन्हा चालत होती. मला ओलांडून एक लाट पुढे गेली, पसरत पसरत पातळ झाली आणि आक्काच्या पायांवरून गेली. तिचं ओरडणं अर्ध्यातच थांबलं.

हॉटेलवाल्याला फिल्म आवडली, विशेषतः होडी. शेवटचा तुकडा मी त्याला दिला नाही. गडबडीत ड्रोनचा कॅमेरा बंद करायचा राहिला होता. त्यात आधी नुसतं आभाळ हलतं, मग माझं कोपर, मग लांबवर एकटी आक्का दिसते. दुसरी लाट येते, आक्का मागे सरत नाही. काठी बगलेत धरते, आवणीला वाकायची तशी कमरेतून वाकते, ओंजळभर पाणी घेते आणि डोळ्यांना लावते. गुडघे गेल्यापासून तिला एवढं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं.